तापीच्या लाकडाची पाणबुडी

माझा मुलगा नौदलात, पाणबुडीवर आहे. बुऱ्हाणपुरात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय करतो?" मला तरी कुठं ठाऊक? पाण्याखाली गेला की फोन बंद, आणि कुठं होतास विचारलं तर नुसता हसतो. म्हणून म्हटलं, आपणच एक करून बघू.

पूर ओसरला की तापी घाटावर लाकडं टाकून जाते. त्यातला दोन्हीकडं निमुळता असा एक लांब ओंडका मी निवडला. त्यावर केळीच्या बागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, दुर्बीण म्हणून विहिरीच्या मोटारीचा तुटका पाइप, मागं फेकून दिलेल्या कूलरचा पंखा. यजमान कागदाच्या मिलमधून निवृत्त झालेले. भोकं पाडायचं काम त्यांचं, हुकूम माझा. ओट्यावर ती अशी काही ऐटीत बसली, की आमच्या लोधीपुऱ्यातले लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

शेजारीच राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंनी मात्र नाकाला पदर लावला. ओंडक्याची एक बाजू जळकी होती. "अगं, मसानचं लाकूड आहे ये! पोरगा पाण्यात, अन् तू त्याच्या नावानं ये काहून मांडलं? दे नदीत सोडून."

बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. पण माझा स्वभाव असा, की सोड म्हटलं की घट्ट धरायचं. म्हटलं, "जाऊबाई, तापीमाईनं दिलेलं मसानचं कसं होईल?" ओंडका तिच्याच पाण्यानं धुतला, आणि खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांच्या पूजेत पाणबुडीलाही हळदकुंकू लावलं.

दिवाळीच्या तोंडावर पोरगा न कळवता दारात उभा. मी रडायचं सोडून ओरडले, "आधी हे बघ!" आवाज ऐकून जाऊबाईही बाहेर आल्या. आता हा हसणार, असं मला वाटलं. त्यानं पाणबुडीवरून हात फिरवला, जळक्या बाजूवरूनही. मग दोन पावलं मागं सरून ताठ उभा राहिला आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"हे काय रे?"

"बोटीवर चढताना करावाच लागतो, आई."

माझा ऊर असा भरून आला की समोरचं दिसेना. डोळे पुसून पाहिलं, तर जाऊबाई ओट्याशी येऊन पाणबुडीपुढं चपला काढत होत्या.