पाच ठिकाणचे आबा

माणूस सगळीकडं एकच दिसला पायजे, असं आबा म्हणायचे. आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, एक बोट वर करायचे आणि मग हे वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. मी इंदापुरात आयुष्यभर संतवाङ्मय शिकवलेलं. वाटलं, सणसरच्या गुऱ्हाळावर एखादा अद्वैती सापडला. मग त्यांनी फोन पुढं केला. फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप आणि गुगलचा नकाशा अशा पाच ठिकाणी त्यांचा एकच फोटो होता: फेटा, मिशी, हातात गुळाची ढेप.

"गिऱ्हाईक कुठनं बी आलं तरी त्याला आपणच घावलो पायजे, सर."

आबा बारामतीत कसल्याशा शिबिराला जाऊन आले होते. तिथं त्यांना 'ब्रँड' हा शब्द मिळाला. लग्नात मिळालेल्या टॉवेलसारखा तो ते खांद्यावर टाकून हिंडायचे. माझ्याकडं यायचे ते मजकूर तपासून घ्यायला. मी एखादं विशेषण खोडलं की त्यांना आपल्या उसाचा उतारा कमी झाल्यासारखं वाईट वाटायचं.

शिबिरातल्या पोरांनी त्यांची पाचही खाती एकमेकांना जोडून दिली होती. एका चौकटीत लिहायचं, बटण दाबायचं, की मजकूर पाचही ठिकाणी जायचा. खाली आपोआप एक ओळ यायची: 'शुद्ध, रसायनमुक्त गूळ. बारामती-इंदापूर घरपोच. आजच मागवा.' सरपंचांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ती गेली. डाळजचे एक गुरुजी वारले, तर भावपूर्ण श्रद्धांजलीखालीही गेली. तेव्हा मात्र मी हरकत घेतली.

"तेराव्याला गूळ लागतोच की," आबा म्हणाले.

आणि गुरुजींच्या तेराव्याचा गूळ खरोखरच त्यांच्याकडून गेला. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तुम्हीही कुठंतरी अनुभवलं असेल.

त्या फोटोत एक गोष्ट मला खटकायची. आबांच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. त्या हाताला माणूस नव्हता. एकदा विचारलं, तर म्हणाले, "कापताना ऱ्हायला." आणि फोन खिशात घातला.

हात त्यांच्या थोरल्या भावाचा होता, हे पुढं गावातून कळलं. दोघांनी मिळून गुऱ्हाळ घातलं, त्यातली पहिली ढेप निघाली तेव्हाचा तो फोटो. नंतर वाटण्या झाल्या. जमीन, बैल, भांडी सगळं सुरळीत वाटलं गेलं. गुऱ्हाळाची चिमणी कुणाच्या हद्दीत येते, एवढ्यावरून बोलणं तुटलं. दादांनी कालव्याच्या पलीकडं आपलं वेगळं गुऱ्हाळ काढलं. रस्त्यात गाठ पडली की दोघं आपापल्या बाजूचा ऊस बघत पुढं जायचे.

मग दादांचं काळजाचं ऑपरेशन झालं, बारामतीत. आबा रोज एसटीनं दवाखान्यात जायचे आणि खालच्या टपरीवर चहा पिऊन परत यायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, ढेपेचा भाव सांगावा तशा आवाजात.

"वर का नाही गेलात?"

"त्यानं तोंड फिरवलं असतं तर? आधीच त्याचं काळीज शिवलेलं."

दादा बरे होऊन घरी आले. त्यानंतर एका सकाळी आबा माझ्या दारात उभे. फेटा नव्हता; त्यांना टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"सर, लिवलेलं पुसता येतंय का?"

भावाशी फोनवर बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी लिहायचं ठरवलं. आणि फोनमध्ये लिहायची त्यांना एकच चौकट माहीत होती. मी वाचलं: 'दादा, दवाखान्यात रोज आलतो. वर यायचा धीर झाला न्हाय. आता बरं वाटत आसलं तर घरी जेवाय ये. शुद्ध, रसायनमुक्त गूळ. बारामती-इंदापूर घरपोच. आजच मागवा.'

मला न दाखवता त्यांनी लिहिलेला हा एकमेव मजकूर. त्यात खोडण्यासारखं विशेषण नव्हतं. निदान वरच्या भागात नव्हतं.

पाचही ठिकाणी लोकांनी वाचला होता. कुणी हात जोडले होते, कुणी 'खूप छान पोस्ट' म्हटलं होतं. नरसिंहपूरच्या एकानं दर विचारला होता. आबा ओशाळून बसले होते. लोक हसतील याचं त्यांना काही नव्हतं. दादाला वाटेल, आजारपणाचीसुद्धा यानं जाहिरात केली, हे त्यांना खात होतं.

खाती जोडलेली असली तरी पुसायला प्रत्येक ठिकाणी वेगळं जावं लागतं. मी तीन ठिकाणचं पुसलं. चौथं फेसबुक. ते उघडलं तर खाली दादांच्या नातवाच्या खात्यावरून उत्तर आलेलं होतं: 'आजोबा सांगतायत, येतो. गूळ घरचा आणतो.'

आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, पण बोट वर गेलं नाही.

"ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले.

दादा आले, जेवले. त्यांच्या ढेपेबद्दल आबांनी मला एवढंच सांगितलं, की चांगली हाय, जरा चिकट हाय. चिमणीचा विषय निघाला नाही. ती अजून हद्दीवरच आहे.

त्याच आठवड्यात आबांनी कापलेला फोटो काढून पाचही ठिकाणी अख्खा लावला. मागच्या थंडीत ते गेले, झोपेतच. खाती तशीच आहेत आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते अजून सगळीकडं एकच दिसतात. फक्त प्रोफाइलची चौकट गोल असते. तीत दोन माणसं बसत नाहीत. आबांचा एक कान आणि दादांची अर्धी मिशी दिसते. मधली ढेप मात्र पूर्ण येते.