डाव्या कुशीची गादी

नारळाची झावळ सुकली की आपणहून खाली येते, चढावं लागत नाही. आमच्या नागावच्या घरात किश्शांचं तसंच! होमस्टे आहे, माणसांची ये-जा असते. त्यात माझी गादी आली आणि किस्से थेट डोक्यातच पडायला लागले.

*

माझं दुखणं साधं. डाव्या कुशीवर झोपले की खांदा आणि खुबा ठणकायचा.

डॉक्टर म्हणाले, "आजी, उताणं झोपा."

मी म्हटलं, "उताणं निजायला अजून वेळ हाय मला!"

"मग उजव्या कुशीवर?"

उजव्या कुशीला भिंत. डाव्या कुशीला दार, दारातून फाटक, फाटकातून अख्खं गाव. भिंत मला काय सांगणार?

*

थोरला दिनेश पनवेलला असतो. त्याचं एकच, "आई, तिकडे लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. आता कायमची चल."

"नारळ उपटून गॅलरीत लावतोस काय रे?" मी विचारलं.

शेवटी त्याने लेटेक्सची गादी पाठवली. "दिवाळीपर्यंत बघ. दुखणं थांबलं नाही तर मी गाडी घेऊन येतो. मग ऐकणार नाही!"

गादी इतकी जड, की टेम्पोवाला म्हणाला, "आजी, आत आधीच कोण झोपलंय काय?"

*

नवी गादी आली की आमच्याकडे आधी तिला ऊन दाखवायचं. शेजारची हिरा काठी घेऊनच आली. "थांब गं, धूळ झाडते."

हाणली जोरात! आत कापूस थोडाच होता? काठी उसळली ती थेट हिराच्या कपाळावर!

"अगं बाय, तुझी गादी उलट मारते!"

तेवढ्यात धाकटी सून सुरेखा धावत आली. "आई, रबर हाय ते! उन्हात खराब होतं!" मग दोघींनी गादी फरफटत आत नेली आणि टाकली पलंगावर.

झोपले तर काय, कातळावर झोपल्यासारखं!

*

पुण्याच्या एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या."

घेतली. खुबा गप्प बसला, पण खांदा बोलतच राहिला. दिवाळी तर तोंडावर आलेली!

*

आता गादी म्हटली की आमच्या पिढीला ती उघडायची सवय. पिंजारी यायचा, अंगणात कापूस मोकळा करायचा, पिंजून परत भरायचा. या गादीला तर चेनच होती! मी ओढली.

"आई, वॉरंटी जाईल!" सुरेखा ओरडली.

"मी पनवेलला जाण्यापेक्षा वॉरंटी गेलेली बरी!"

आत घावन्यांसारखे एकावर एक थर. मूठ दाबून पाहिली. वरचा थर टणक, सगळ्यात खालचा शहाळ्याच्या मलईसारखा! हिरा आणि सुरेखाने गादी उन्हातून आणताना पालथी टाकली होती. म्हणजे इतके दिवस मऊ भाग पलंग उपभोगत होता आणि टणक मी!

मऊ थर वर घेतला. डाव्या कुशीवर पडले. ओल्या वाळूत पाय रुततो तसा खांदा आत गेला. कंबर जराशी अधांतरी वाटली, तर सुरेखाने तिथे माझ्या जुन्या लुगड्याची घडी सरकवली.

रोज पाववाल्याला फाटकात पहिली हाक मी मारायची. दुसऱ्या दिवशी त्याने मला हाका मारून उठवलं!

*

दिवाळीला दिनेश गाडी घेऊन आलाच.

"दुखत न्हाय आता," मी म्हटलं.

"घर सुटू नये म्हणून म्हणतेस तू!" त्याने माझी बॅग भरली, डिकीत टाकली. "चल, बस."

"बसते. आधी तू जेव. मग जरा आडवा हो, एवढी गाडी चालवून आलास."

"पाचच मिनिटं हां, आई."

पडला माझ्या गादीवर. डाव्या कुशीवर, माझ्यासारखाच.

चहा झाला, गार झाला, परत झाला. सुरेखाने बॅग डिकीतून आणली. मी लुगडी कपाटात लावली. वाडीतलं ऊन कलायला लागलं, तेव्हा त्याचा फोन वाजला. पनवेलहून सूनबाई. फोन मीच त्याच्या कानाला लावला.

डोळे न उघडता म्हणाला, "आई येत नाही गं. मीच राहतोय इथे!"

आणि उशी गुडघ्यांत ओढून घोरायला लागला.