भोंग्याचा पत्ता

चिपळूणजवळ लोटे इथल्या एका रासायनिक कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या भागोजीला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना. चिपळुणात नदीकाठच्या त्याच्या गल्लीत पूर शिरायचा, आणि समोरच्या तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या येसूबाईंना गुडघ्यांमुळे जिना लवकर चढता येत नसे. त्यांना वेळेत सावध करणारा भोंगा आपण करायचा, असं त्याच्या मनानं घेतलं. मुलगी सानवी देवरूखला कॉलेजात होती. तिच्या वह्या उघडून हा गडी साठाव्या वर्षी सी ही संगणकाची भाषा शिकला.

पाण्याची पातळी, धोक्याची रेघ आणि भोंगा चालू की बंद, या तिन्ही गोष्टी त्यानं एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे नोंदींच्या एका गठ्ठ्यात, बांधल्या आणि पातळी तपासणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, दिल्या. पाणी मोजणारी पट्टी बादलीत बुडवली. फंक्शनच्या आतून स्क्रीनवर 'भोंगा चालू' उमटलं, भोंगा मात्र ढिम्म. चार दिवस त्यानं वायरी पिंजून काढल्या.

शेवटी सानवीनं फोनवर प्रोग्राम वाचून घेतला. "बाबा, तुम्ही फंक्शनला झेरॉक्स दिलीत. त्यानं झेरॉक्सवर भोंगा चालू केलान आणि काम संपल्यावर ती फेकून दिलीन."

"अस्सल कागद कुणाच्या हातात द्यायचा नाय, ही आमची शिस्त," भागोजी म्हणाला. कारखान्यात रजिस्टर कपाटात असायचं, बाहेर फिरायची ती नक्कल.

"आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा असला तर?"

भागोजीला दुरुस्तीची चिठ्ठी आठवली. तेव्हा चिठ्ठीवर फक्त व्हॉल्व्हचा नंबर यायचा. त्या नंबरावर जाऊन तो खऱ्या व्हॉल्व्हलाच पाना लावायचा. व्हॉल्व्हची झेरॉक्स कोण काढतो?

त्यानं फंक्शनला नकलेऐवजी स्ट्रक्चरचा मेमरीतला पत्ता दिला, आत डॉटच्या जागी त्या पत्त्यावर नेणारे बाण घातले. एवढासा आकडा, आणि तो हाताला धरून अस्सल वस्तूपाशी नेतो, याचं त्याला इतकं नवल वाटलं की बादलीला हात लावायला तो धजेना.

पट्टी बुडाली आणि भोंग्यानं गल्ली दणाणून सोडली. भागोजीचे डोळे भरून आले. कितीतरी वेळ तो नुसता ऐकत उभा राहिला. मग त्याला आठवलं, ही चाचणी आहे हे आपण येसूबाईंना सांगितलेलंच नाही.

तो धावला. येसूबाई काखेत बोचकं मारून जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर टेकल्या होत्या, घामानं भिजलेल्या.

"पानी कुठवर आलंय रं?"

"काकी, पाणी नाय. करून बघत होतो."

त्यांनी दम खाल्ला. "मग किती येळ लागला मला?"

भागोजीनं घड्याळ पाहिलं. भोंगा वाजल्यापासून नऊ मिनिटं झाली होती.

तो घरी परतला आणि धोक्याची रेघ त्यानं दीड वीत खाली आणली.