तराफ्यावरच्या संसाराचा दुसरा भाग

इरावदीकाठच्या आमच्या हिंथादात भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं एके काळी गल्लोगल्ली होती. मोबाइल आले आणि एकेकानं गाशा गुंडाळला. उरलं ते बाजारामागचं दॉ न्वेचं. ते टिकलं ते पुस्तकांमुळे नाही, दॉ न्वेच्या जिभेमुळे. स्वतः वाचल्याशिवाय ती एकही पुस्तक बाहेर देत नाही, आणि वाचून काय वाटलं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. "हे नको नेऊस, तुला झोप येईल. ते ने, पण मधली चाळीस पानं सोड, लेखक स्वतःच तिथं रस्ता चुकलाय." धंदा बुडवायची याहून सोपी रीत नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा गेला, धंदा चालू आहे.

भिक्खूंच्या वर्षावासाच्या तीन पावसाळी महिन्यांत आमच्याकडे लग्नं नसतात, जत्रा नसतात. त्यामुळे बायका दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात आणि विचारतात, "मावशी, हल्ली काय चांगलं वाचलंत?" ताडगुळाचा खडा गालात धरून दॉ न्वे सांगत बसते. गेल्या खेपेला तिनं 'मिठागराची सून' डोक्यावर घेतलं होतं. "शंभर पानं नुसता स्वयंपाक आहे बघा. पण सासू मरते तेव्हा ही सून हुश्श म्हणते, आणि पुढं रोज भात जास्तच शिजवते. हात ऐकतच नाही. तेवढं एक पान मला पुरलं." 'पगोड्यामागचा चोर' हेही तिला आवडलं होतं. "चोर मला सुरुवातीलाच कळला. तरी शेवटपर्यंत वाचलं, कारण त्यातला हवालदार फार छान जेवतो." एका डॉक्टरचं आत्मचरित्र मात्र तिनं मागच्या फळीवर ढकललं होतं. त्या गृहस्थाच्या हातून आयुष्यात एकही रोगी दगावला नाही, यावर तिचा विश्वास बसेना.

तिच्या या मतांना आडवं जाणारा सबंध गावात एकच माणूस होता, ऊ सान मौंग. इरावदीवरच्या बोटींवर सारंग म्हणून त्यानं जन्म काढला होता. निवृत्त झाल्यापासून दर आठवड्याला पुस्तक न्यायचा, परत आणून द्यायचा आणि दारातच भांडण काढायचा.

"न्वे, ही तुझी मिठागराची सून लबाड आहे. सासूची बाजू कुणी लिहायची?"

"तुम्ही लिहा ना दादा. रिकामेच तर आहात."

"मी लिहिलं तर तू भाड्यानं देशील?"

"वाचून बघेन आधी. वाईट असेल तर तुमच्या तोंडावर सांगेन."

भांडण झालं की तो चहा मागवायचा, दोघांसाठी.

वर्षावास संपत आला आणि म्हातारा यायचा थांबला. यकृत गेलं होतं. इस्पितळानं घरी नेऊन ठेवा म्हणून सांगितलं. दॉ न्वे भेटायला गेली तेव्हा तो चटईवर पडून होता. पोट फुगलेलं, अंग वाळलेलं, डोळे पिवळे. पण उशाशी 'तराफ्यावरचा संसार'चा पहिला भाग होता, आणि तिला बघताच तो म्हणाला, "दुसरा आण. आता मला अक्षर दिसत नाही, वाचून दाखव. माझ्यापाशी वेळ थोडा आहे, म्हणून चोरून थोडक्यात सांगू नकोस."

या कादंबरीत सागवानाचे ओंडके तराफा करून नदीतून खाली नेणारा एक माणूस आहे. ठेकेदाराच्या हव्यासापायी पुरात तराफा हाकावा लागतो आणि त्याचा मुलगा बुडतो. पहिला भाग तिथं संपतो. सारंग माणसाला हे पुस्तक लागलं नसतं तरच नवल.

दॉ न्वे निघाली तशी म्हाताऱ्याची मुलगी, मा ए म्या, तिच्यामागून फाटकापर्यंत आली. शाळेत शिकवते, कादंबरीच्या वाटेला जात नाही.

"मावशी, तुम्ही रागावू नका. पण आता त्यांना हे काही वाचून दाखवू नका. रोज संध्याकाळी विहारातले भन्ते येतात, परित्राण पाठ होतो. शेवटी मनात काय असतं त्यावर पुढचा जन्म ठरतो, हे तुम्हाला मी काय सांगू?"

"मला कळतं गं."

"आणि लिनकाका." तिचा आवाज खाली आला. "काका पलीकडच्या काठावर येऊन थांबलेत. बाबा हो म्हणाले तर लगेच येतील. बाबा तोंडसुद्धा फिरवतात. असाच राग पोटात घेऊन गेले तर?"

लिन हा म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला निरोपामागून निरोप गेले. तो दक्षिणेत मासेमारीच्या जहाजावर होता, आला नाही. आईला मूठमाती देऊन झाल्यावर आला. त्या दिवसापासून ऊ सान मौंगनं त्याचं नाव टाकलं. वर्षावास संपला की येणाऱ्या दिव्यांच्या सणाला धाकट्यांनी थोरांपुढं वाकून काया-वाचा-मनानं झालेल्या चुकांची क्षमा मागायची आणि थोरांनी आशीर्वाद द्यायचा, ही आमची रीत. लिन त्या सणाला एकदा आला होता. म्हातारा मागल्या दारानं निघून चहाच्या दुकानात जाऊन बसला.

दॉ न्वेनं घरी जाऊन दुसरा भाग हातात घेतला तो संपवूनच ठेवला, आणि कपाळाला हात लावला. बाप पुराच्या तोंडावर ठेकेदाराचे सगळे तराफे सोडून देतो. ठेकेदार भिकेला लागतो. मग नेमका दिव्यांच्या सणाला तो बापाच्या दारात येऊन गुडघे टेकतो, क्षमा माग-मागून रडतो, आणि बाप दार लावून घेतो. पुस्तक तिथं संपतं. लिहिलं होतं अप्रतिम. मरणाऱ्या माणसाला, तेही असल्या माणसाला, वाचून दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

न वाचावं तर त्यानं मागितलेली ही शेवटचीच गोष्ट. वाचावं तर त्याच्या रागाच्या आगीत आपल्याच हातानं तूप ओतल्यासारखं. दॉ न्वेनं आयुष्यात न केलेली गोष्ट करायचं ठरवलं. मा ए म्याला तिनं सांगितलं, "काळजी करू नकोस. शेवट चांगला आहे."

ती रोज सकाळी जायची आणि तासभर वाचायची. शेवटच्या प्रकरणापर्यंत तिनं अक्षरही बदललं नाही. मग पुस्तकावर डोळे ठेवून तिनं मनानं सांगायला सुरुवात केली. ठेकेदार दारात येतो. बाप त्याला उठवतो, पाणी देतो. दोघं मिळून नदीत दिवे सोडतात. दिवे सोडताना तिला स्वतःलाच जरा बरं वाटलं.

ऊ सान मौंग डोळे मिटून ऐकत होता. ती थांबली तसे त्यानं उघडले.

"संपलं?"

"संपलं, दादा."

"भिकारडं!" हे त्यानं इतक्या जोरानं म्हटलं की मा ए म्या स्वयंपाकघरातून धावत आली. "सबंध पुस्तकभर धीट होता हा लेखक, आणि शेवटी शेपूट घातलं! दिवे सोडतायत म्हणे! याचं पोर बुडलंय का कधी? कुणी याच्या मानेवर बसून लिहून घेतलंय हे. सगळे एका माळेचे मणी. जो तो येतो आणि म्हणतो माफ कर, माफ कर. कुणी विचारत नाही की बाबा, तुझं काय जळतंय!"

त्याला धाप लागली. मुलगी पाठ चोळू लागली आणि दॉ न्वेकडे अशी बघत राहिली की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं पेजही घेतली नाही. भन्ते आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला शांत जाता यावं म्हणून तिनं खोटं वाचलं होतं, आणि त्याच खोट्यानं त्याला पेटवून ठेवलं होतं. तिला स्वतःचा संताप आला, लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुस्तक घेऊन परत आली. मा ए म्या दारात आडवी उभी राहिली.

"आता काय राहिलंय, मावशी?"

"खरं राहिलंय. काल मी शेवट मनचा सांगितला. खरा फार कडू आहे. तू म्हणालीस तर इथूनच परत जाते."

मा ए म्यानं आत चटईकडे वळून पाहिलं. मग बाजूला झाली. "वाचा. कालच्यापेक्षा वाईट काय होणार आहे?"

दॉ न्वे चटईशी बसली. "दादा, तो लेखक घाबरला नव्हता. मी घाबरले. माफ करा, आणि ऐका."

तिनं खरं प्रकरण वाचलं. ठेकेदार गुडघ्यावर आला तिथंही ती थांबली नाही. दार लागलं. कडी पडली. तिनं पुस्तक मिटलं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"हं," ऊ सान मौंग म्हणाला. "बरोबर आहे. असंच करणार तो. मीही असंच केलं असतं." चेहऱ्यावरचा कालचा ताण उतरला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग? दार लावल्यावर आत काय करतो तो?"

"पुस्तक तिथंच संपतं, दादा."

"ते कळलं. पण बायको आधीच गेलीय. पोरगं नाही. आत आहे कोण? सणाच्या दिवशी एकटा आत बसून काय करत असेल?"

"लिहिलेलं नाही. मला ठाऊक नाही."

"मला आहे," तो म्हणाला. "चहाच्या दुकानात बसून मी तेच केलं. कुणी यायला नको म्हणून बसलो, आणि सगळा वेळ रस्त्याकडे बघत होतो." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. हात उचलायची ताकदच नव्हती. "ए म्या, त्याला बोलाव."

लिन दुपारच्या होडीनं आला. तोही आता म्हाताराच होता. दारातच चपला काढून तो गुडघ्यांवर चालत चटईपाशी आला, हात जोडले, कपाळ तीनदा जमिनीला टेकवलं आणि लहानपणी पाठ केलेली क्षमेची वाक्यं म्हणू लागला. "दादा, कायेनं, वाचेनं, मनानं..." पुढची त्याला आठवेनात. तो तसाच वाकून राहिला. ऊ सान मौंगनं आशीर्वाद द्यायचा होता. सगळे वाट बघत होते, मा ए म्यानं तर हात जोडले होते.

म्हातारा भावाच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिला.

"लिन," तो म्हणाला, "किती रे पांढरे झाले तुझे केस. मला कुणी सांगितलंच नाही."