मुहूर्ताआधी उधळलेल्या अक्षता

आमचं मंगल कार्यालय पिरंगुटच्या पुढं, पौड रस्त्यालगत. तोंडानं मी फटकळ. भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे मला वचकून असतात, आणि असावंच. पण एका कार्टीनं चाकांच्या बुटांनी हॉलच्या फरशीवर चरे पाडले, तरी मी ब्र काढला नाही. ती माझी भाची, कोळवणच्या दादाची लेक.

चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामा. शाळेत असल्यापासून ती त्या दिवसांत आमच्याकडं यायची आणि गोलकीपरचा सराव करायची. समोरून फटके मारायला माणूस नको का? मग मीच. पदर खोचून, हॉकीची काठी घेऊन असे हाणायचे की आचारी म्हणायचा, "बाई, भाची हाय का वैरीण?" पुढं शिबिरासाठी तिला लडाखला खऱ्या बर्फावर नेलं आणि ती आइस हॉकीच्या भारतीय संघात गेली. बाकी बहुतेक पोरी लडाखच्या, ही एक आमची मुळशीची.

पण संघात जाऊन करायचं काय? संघ परदेशी खेळायला जाईचना. वर्षामागून वर्षं गेली, सगळीकडून नुसतं "बघू". ती इथल्या एका कारखान्यात नोकरी करत, रजा साठवत वाट बघायची. शेवटी यंदा संघाचं जायचं ठरलं. तेव्हा दादा माझ्या ऑफिसात येऊन बसला. म्हणाला, "आत्ता जाऊ दे. पर हात हलवत आली तर बास. बुटं माळ्यावर टाकायची." मी कडाकडा भांडले, पण शेवटी बाप तो. पोरीनंही मान डोलावली. विमानतळावरून मात्र मला फोन केला, "आत्या, एक तरी मॅच जिंकायला पाहिजे गं."

आणि नेमकं तेच जमेना. सगळ्या मॅचा हरत गेल्या. शेवटची उरली, ती आली दाट लग्नतिथीच्या दिवशी.

लग्न कोळवणच्याच मुलीचं. अर्धं कोळवण हॉलमध्ये, पहिल्या रांगेत टोपी घालून दादा. अक्षता वाटून झालेल्या आणि नवरदेवाचा पत्ता नाही, कारण वरात अजून डीजेपुढं नाचत होती. मुहूर्त टळायला आलेला. भटजी घड्याळ बघून चडफडत होते. मी ऑफिसात मोबाइलवर मॅच बघत बसलेले. खेळ बरोबरीत संपला, तशी माझ्या तोंडून अशी आरोळी गेली की व्हिडिओवाला धावत आला. "काकू, काय झालं?"

"काय झालं काय! लाव हे तुझ्या मोठ्या पडद्यावर!"

पडद्यावर नवरानवरीचे डोंगरावरचे फोटो फिरत होते, ते गेले. आता तिथं बर्फ, आणि जाळीच्या तोंडाशी जाड पॅड बांधून, मुखवटा घालून आमची पोर. मी माईक ओढला. "ही दादाची लेक. बरोबरी झालीय. आता दोन्हीकडची एकेक जण एकटीच येऊन गोल मारणार, आणि समोरच्यांचा हिनं अडवायचा." एवढं पुरे झालं. सगळ्या माना पडद्याकडं वळल्या.

एक अडवला. एक गेला, तेव्हा मागून कुणीतरी अस्सल मावळी शिवी हासडली. तिकडं आपल्या पोरींनी दोन घातले. राहिली समोरच्यांची शेवटची पाळी. ही अडवली की जिंकलो.

तेवढ्यात नवरदेव दारात हजर. बघतो तर अख्खं वऱ्हाड पाठमोरं, ओवाळायलाही कुणी नाही. "अहो, मी आलोय," बिचारा म्हणाला.

"थांबा की वाईच!" त्याची होणारी सासूच ओरडली.

समोरची आली. डावीकडं हूल दिली, उजवीकडं फटका. आमची आडवी झाली. चकती तिच्या पॅडवर आपटून बाहेर गेली, आणि हॉलभर सगळ्या मुठी एकदम उघडल्या! पडद्यावर अक्षताच अक्षता. सनईवाल्यानं ते बघून लग्न लागल्याची वाजंत्री सुरू केली. भटजी कपाळाला हात लावून ओरडले, "अहो, अंतरपाट तरी धरू द्या!"

अक्षतांचा दाणा उरला नाही. मी कोठीतून तांदूळ काढले, कुंकवात कालवले आणि रडत रडत पराती भरल्या. बायकांना वाटलं, नवरीसाठी रडतेय. वाटू दे.

पंगत बसली तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. केस घामानं चिकटलेले, मागं सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचताहेत. "आत्या, जिंकलो!" मी पंगतीतून वाट काढत पळाले. फोन दादाच्या हातात दिला.

वाढपी थांबले, जेवणारे थांबले. दादानं टोपी काढली, टोपीनंच डोळे पुसले आणि खेकसल्यासारखा म्हणाला,

"फुडची म्याच कवा हाय?"