अ‍ॅम्स्टरडॅममधली दोघांची खोली

मी मेकॅनिकल इंजिनिअर. आयुष्यभर गिअरबॉक्स डिझाइन केले. बिघाड असला की त्याचं कारण असतंच, आज नाही सापडलं तर उद्या सापडेल, एवढी एकच श्रद्धा मी बाळगली. या ग्रुपवरचे अनुभव वाचतो ते रिटायर्ड माणसाचा विरंगुळा म्हणून, आणि वाचता वाचता मनात उत्तरंही देऊन टाकतो... वारा असेल, उंदीर असेल, झोप अर्धवट असेल. भुतंखेतं मी मानत नाही, आजही नाही. पण एक प्रसंग माझ्याजवळ आहे, ज्याला मी असलं कुठलंच उत्तर चिकटवू शकलेलो नाही. बायकोलाही तो पुरता सांगितला नव्हता. मुलांना मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि ही गोष्ट जर्मनमध्ये सांगायला माझी जीभ वळत नाही. म्हणून इथं लिहितो.

साठच्या दशकाची सुरुवात. माझा थोरला भाऊ — आम्ही त्याला दादाच म्हणायचो — जर्मनीत झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होता. मी जवळच श्टुटगार्टला शिकत होतो आणि दादाकडेच राहायचो. वहिनी पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. आमची घरमालकीण फ्राऊ केलर, लढाईत नवरा गमावलेली, खालच्या मजल्यावर. वर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.

वहिनीनं पहिला हिवाळा खिडकीत बसून काढला होता. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. दादाला ते दिसत होतं, पण बोलून दाखवणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं एक जुनी गाडी घेतली, लायसन्स काढलं आणि जून महिन्यात एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "जुलैत एका शुक्रवारी रजा टाकतो. शनिवार-रविवार अ‍ॅम्स्टरडॅम. रस्त्यांच्या जागी पाणी आहे म्हणे तिथं."

वहिनीनं विचारलं, "भाऊजी पण येणार ना?"

"येणार म्हणजे काय. नकाशा कोण वाचणार?"

त्या दिवसापासून आमच्या टेबलावर नकाशा पसरलेलाच असायचा. शुक्रवारी निघायचं, वाटेत कोलोनला मुक्काम, शनिवारी दुपारपर्यंत पोचायचं. वहिनी कालव्यांवर बोट फिरवत बसायची. मी तिला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिली गोष्ट घडली ती व्हिसाच्या खिडकीवर. आम्ही तिघांनी पासपोर्ट एकत्र दिले होते. आठवड्यानं घ्यायला गेलो तर बाईंनी दोनच परत दिले. दादा म्हणाला, "तिसरा?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दोनच दिले होते." मी दादाच्या शेजारी उभा होतो. दादानं माझ्याकडे हात केला तेव्हा त्या बाई दचकल्या, मी आत्ताच तिथं उगवलो असल्यासारख्या. शोधल्यावर माझा पासपोर्ट ड्रॉवरच्या तळाशी सापडला, शिक्क्यासकट. चूक कोणाचीही होते. आम्ही विसरून गेलो.

मग खोलीचं बुकिंग. तिकडे पेन्शन म्हणजे घरगुती लॉज. कारखान्यातल्या कोणीतरी एका पेन्शनचा नंबर दिला होता. मालकीण डच, पण जर्मन बोलणारी. दादानं पोस्टातून फोन लावला, मी आणि वहिनी बूथच्या दाराशी. दादा स्पष्ट म्हणाला, तीन माणसं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, तीन. मग बाहेर आला तो हसतच.

"बाई दोनच म्हणतेय. दोनदा सांगितलं, तरी शेवटी म्हणाली, बरं, दोघांची खोली ठेवते. फोनवर त्स्वाय आणि द्राय, म्हणजे दोन आणि तीन, सारखंच ऐकू येतं, म्हणून तर जर्मन लोक फोनवर दोनला त्स्वो म्हणतात. जाऊ दे, तिथं गेल्यावर एक खाट मागू."

वहिनी हसली नाही.

नंतर फ्राऊ केलर. जायच्या आठवड्यात त्या वर आल्या आणि दादाला म्हणाल्या, "बरं का, तुम्ही दोघं जाताय तर धाकटे घरी आहेतच. शनिवारी बागेतल्या लाल योहानिसबेरी तोडायला मला मदत करतील." दादा म्हणाला, तोही येतोय आमच्याबरोबर. त्या "हो, हो" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून बोलल्या, "मग शनिवारी चारला या हं." त्या अजिबात विसराळू नव्हत्या.

आता हे सगळं वेगवेगळं बघितलं तर काहीच नाही. मी तेव्हाही असंच म्हणत होतो.

गुरुवारी संध्याकाळी वहिनीनं ताटं वाढली. पिठलं, भात, आणि नोकरीवरून येताना दादानं आणलेल्या काकड्यांची कोशिंबीर. मी टेबलाशी बसलेलो होतो, तिच्याशी बोलत होतो — कोलोनला चर्च बघायचं की नाही, असलं काहीतरी. ती उत्तरं देत होती. बोलता बोलता तिनं दादाला वाढलं, स्वतःला वाढलं, भाताचं पातेलं परत शेगडीवर ठेवलं आणि जेवायला बसली. दोन घास तिनं खाल्लेही. मग माझ्यापुढच्या रिकाम्या टेबलाकडे तिची नजर गेली.

मी चेष्टेनं म्हणालो, "वहिनी, मला उपास का?"

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती उठली, मोरीशी जाऊन उभी राहिली. दादा म्हणाला, "अगं, दमली आहेस, दुसरं काय."

ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, भाऊजींना नको नेऊया."

"का म्हणून?"

"सगळे दोघंच धरतायत. त्या व्हिसाच्या बाई, ती फोनवरची, फ्राऊ केलर... आणि आता मी. ते समोर बसलेत आणि मला ते... माझ्या हिशेबातच नव्हते हो ते. याचा अर्थ चांगला नाही. तिथं सगळीकडे पाणी आहे आणि यांना पोहता येत नाही."

दादा चिडला. खुळचटपणा म्हणाला, शिकलेली ना तू म्हणाला. ती रडायला लागली. लग्नानंतरची त्यांची पहिली ट्रिप, त्यासाठी दादानं काय काय जमवलं होतं, ते सगळं माझ्यामुळे मोडेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "दादा, खरं सांगू का, माझी परीक्षा आहे पंधरा दिवसांवर. तुम्ही दोघं जा. मला अभ्यास होईल." परीक्षा होती, हे खरंच होतं. दादा नकाशाची घडी घालत म्हणाला, "बघ बुवा."

शुक्रवारी सकाळी निघाले. वहिनी गाडीत बसली, पुन्हा उतरली, माझ्याजवळ आली. "भाऊजी, परत येईपर्यंत नदीकडे जाऊ नका. सायकलसुद्धा काढू नका. मला शब्द द्या." मी दिला. मग ती निवांत झाली. गाडी वळणावर जाईपर्यंत हात हलवत होती.

शनिवारी चार वाजता मी फ्राऊ केलरच्या बागेत होतो. लाल बेरीचे घोस तोडायचे, मग देठांपासून दाणे सुटे करायचे. जुलैत इथं खूप उशिरापर्यंत उजेड असतो. आम्ही नऊपर्यंत अंगणातच बसलो होतो, बोटं लाल झालेली. मला त्या संध्याकाळी काहीही जाणवलं नाही. हुरहूर नाही, छातीत धडधड नाही. लोक लिहितात तसं काही झालं असतं तर मी सांगितलं असतं. मी मजेत होतो.

रविवारी सकाळी दारावर पोलीस. मीच दार उघडलं. त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग टोपी काढून म्हणाला, "माफ करा. आम्हाला निरोप मिळालाय तो तिघं गेल्याचा."

अ‍ॅम्स्टरडॅमला कालव्याच्या काठावरच गाड्या लावतात. तेव्हा कठडा नसायचा. शनिवारी संध्याकाळी जेवून परत आल्यावर दादा पेन्शनसमोर गाडी लावत होता. गाडी पाण्यात गेली. दोघं आत होते.

मी मिळेल त्या ट्रेननं निघालो. तिथं पोचल्यावर दोघांना ओळखलं. त्याबद्दल लिहीत नाही.

मग सामान आणायला पेन्शनवर गेलो. अरुंद, उंच घर, समोर पाणी. दार एका वयस्क बाईनं उघडलं. या बाईला मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं मला बघितलं आणि माझे दोन्ही दंड घट्ट धरले.

"देवा... तुम्ही कुठं होता? रात्रभर माणसं पाण्यात तुम्हाला शोधत होती."

मी म्हणालो, मी भाऊ आहे त्यांचा. मी आत्ता जर्मनीहून येतोय.

"हो, भाऊ. माहीत आहे मला." ती मला वर घेऊन गेली. "मी दोघांची खोली ठेवली होती, आणि तुम्ही आलात तिघं. मग ही खाट टाकली."

खोलीत एक मोठा पलंग होता आणि खिडकीखाली घडीची खाट. तिच्यावरची चादर चुरगळली होती, उशीला खोलगा पडला होता. दुपारी कोणीतरी तिथं आडवं झालं होतं.

मी खाटेवर नाही, जमिनीवर बसलो. ती बाई बोलत होती. वहिनी किती आनंदात होती, सारखी माझ्याशी बोलत होती, मला खिडकीतून बोटी दाखवत होती. दादा थकलेला वाटला, माझ्याकडे त्यानं फारसं बघितलं नाही. "आणि तुम्ही काही बोलत नव्हता. मला वाटलं, जर्मन येत नसेल."

"आणि संध्याकाळी?" मी विचारलं.

तिनं बाहेरच्या पाण्याकडे बोट केलं. "मी खिडकीत होते. स्वच्छ उजेड होता. तुम्ही गाडीतून उतरून पुढे काठावर उभे राहिलात आणि हातानं खुणा करत होता." तिनं हात करून दाखवलं — या, अजून या. "तुमच्या भावाची नजर तुमच्या हातावर होती. गाडी आली तशी थांबलीच नाही. मग तुम्हीही दिसेनासे झालात. मला वाटलं, त्यांच्यामागे उडी मारलीत."

मी हे पोलिसांना सांगितलं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी माझा पासपोर्ट तपासला, त्यावर त्या शनिवारचा कुठलाच शिक्का नव्हता. झिंडेलफिंगेनला फोन केला, फ्राऊ केलरनी सांगितलं की मी नऊपर्यंत त्यांच्या अंगणात होतो. त्या बाईला ठाण्यावर बोलावलं. तिनं मला उजेडात नीट बघितलं आणि म्हणाली, "हेच." अधिकारी समजूतदार होता. म्हणाला, आमच्या लोकांना तुमचे चेहरे सारखेच वाटतात, दुसरा कोणी परदेशी मुलगा वाटेत मदतीला उभा राहिला असेल. तो मुलगा कधी सापडला नाही. पाण्यातही नाही आणि बाहेरही नाही.

मी पुढे साठ वर्षं गिअरबॉक्ससारखंच हेही उलगडायचा प्रयत्न केला. फोनवर तीनचे दोन ऐकू येतात. व्हिसाच्या बाई कामात होत्या. वहिनी दमली होती. दादा गाडी चालवायला नवा होता. पेन्शनवाली म्हातारी होती. प्रत्येक तुकड्याला कारण आहे. ते सगळे एकत्र ठेवले की उशीवरचा तो खोलगा उरतो. आणि एक विचार उरतो, जो मी अजून कोणाजवळ बोललो नव्हतो — वहिनीनं मला वाचवायला घरी ठेवलं, मग ती दिवसभर इतक्या आनंदानं बोलत होती ती कोणाशी?

अस्थी घेऊन मी पुण्याला गेलो. एका दुपारी मी आईजवळ बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "परक्या मुलखात गेले रे दोघं. शेवटी त्यांच्याजवळ आपलं कोणी होतं का?"

मी म्हणालो, "मी होतो, आई."

तिनं माझा हात हातात घेतला. तिला बरं वाटावं म्हणूनच मी तसं म्हणालो. पण मी खोटं बोललो की खरं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आजही नाही.