खुळखुळ्या हिलालचा फाटका आवाज

शिंदखेड्याच्या एसटी स्टँडसमोर हिलाल वनाची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. गावातल्या निम्म्या रेडिओंना त्याच्याच हाताची सवय होती, पण त्याला रेडिओवाला कुणी म्हणत नसे. म्हणत खुळखुळ्या. कारण लग्नसराई आली की हिलाल टपरीला फळ्या लावायचा, लाल कोट चढवायचा आणि चुडामण मास्तरांच्या बँडमध्ये शेवटच्या रांगेत उभा राहून खुळखुळा हलवायचा. बारा वर्षं हलवला. खुळखुळा हे वाद्य असं, की वाजला तर कुणाला कळत नाही आणि नाही वाजला तर कुणाचं अडत नाही. हिलालचे वडील वना आबा, त्यांना याचं दुःख फार. शेतकऱ्याच्या पोराने बँडमध्ये जावं हे एक, आणि जाऊन तान्ह्या लेकराचं खेळणं हाती धरावं हे दुसरं. त्यातलं पहिलं त्यांनी माफ केलं होतं.

शहाऐंशी साली हिलालला भुसावळात गिटार मिळाली. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड निवृत्त होऊन बायकोसकट ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि जाण्याआधी त्याला आपला मुका रेडिओ विकायचा होता. हिलालने तो बोलता करून दिला. त्या बदल्यात गार्डाने पोट फुटलेली एक गिटार त्याच्या गळ्यात घातली. गावात मात्र बातमी पोचली ती अशी, की गिटार मडमेने दिली. मंजुळाबाईंनी, म्हणजे हिलालच्या बायकोने, चार दिवस या प्रकरणाचा तपास केला. मडम पासष्ट वर्षांची निघाली तेव्हा कुठे घरात भाकरी नीट भाजली जाऊ लागली.

फुटलेलं पोट हिलालने काढून टाकलं, गिटारची मान तेवढी ठेवली. नव्या अंगासाठी जाड सागाचं लाकूड हवं होतं. घरात तसं एकच होतं, मंजुळाबाईंनी पहूरच्या माहेरून आणलेला जेवणाचा पाट. तो कसा मिळवला हे हिलालने कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात तो दोनदा टपरीतच जेवला. तारांची थरथर पकडायला जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक घेतलं. त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सहा हजार वेढे हवे होते. ते शिलाई मशीनवर गुंडाळले, जिथे बॉबिन भरतात तिथे. मशीन मंजुळाबाई चालवत होत्या, मोजतही त्याच होत्या. चार हजारावर शेजारच्या ताईबाई सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या आणि मोजणी चुकली. पुढचे वेढे अंदाजपंचे झाले. त्यात हजारभर वेढे सुनेच्या नावाचे आहेत, असं मंजुळाबाई पुढे सांगत.

गिटार झाली, पण ढोल-ताशा आणि पितळी भोंग्यांच्या गर्दीत तिचा आवाज डासासारखा. छेडली की टिण्ण, आणि संपली. मास्तरांनी एका मिरवणुकीत ऐकली आणि खुळखुळा परत हिलालच्या हातात दिला.

मग एका गणपतीत उंदराने बँडच्या हातगाडीवरचा स्पीकर कुरतडला. आतला कागद फाटला. त्या फाटक्या स्पीकरमधून गिटार वाजली तेव्हा सूर लांबला, भरला, खरखरीत झाला. सनईला खोकला व्हावा आणि त्या खोकल्यानेच ती अधिक गोड लागावी, तसं काहीसं. दुसऱ्या दिवशी तो स्पीकर कायमचा गेला. पण हिलालच्या कानात आवाज राहिला, आणि तिथून माणूस हट्टाला पेटला. उंदराने जे एकदा केलं, ते आपल्याला हवं तेव्हा, बटणासरशी करता आलं पाहिजे.

धुळ्याला पाचव्या गल्लीत मगनभाईंचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मगनभाईंनी एका जुन्या मासिकातलं पान फाडून दिलं. गिटारचा आवाज फाडणारी पेटी कशी करायची ते त्यात होतं. दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, चार-सहा रेझिस्टन्स, कंडेन्सर, एक छोटा सेल. ट्रान्झिस्टर हिलालकडे मेलेल्या रेडिओंमध्ये पडलेलेच होते. चित्रात मात्र एक बूट घातलेला पाय पेटीचं बटण दाबत होता. इथे हिलाल हसला. वरातीत माणूस चालतो, त्याचा पाय रिकामा असतो कुठे? त्याने पेटी ठेवली हातगाडीवर अॅम्प्लिफायरशेजारी, आणि बटण म्हणून उशाशी लोंबणारा दिव्याचा स्विच गिटारच्या पाटावरच बसवला.

काम पहाटे चाले, कारण पहाटे वीज टिकायची आणि गिऱ्हाईक नसायचं. जोड झाळताना उठणारा राळेचा धूर फटीतून बाहेर येई. हिलालने टपरीत देव बसवला, अशी बातमी उठली. कुणी म्हणे देव नाही, भूत. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत पेटी वाजली. पौष संपून लग्नं सुरू झाली, तशी वरातीतही वाजली. लोक नवरदेव सोडून हातगाडीकडे बघू लागले. मास्तरांनी हिलालला पुढच्या रांगेत घेतलं. वना आबा एका वरातीत लांब उभे राहून शेवटपर्यंत ऐकून गेले. त्यांच्या मानाने ती शाबासकीच होती.

होळी झाली, ऊन चढलं. एप्रिलात धुळ्याला एका मोठ्या घरच्या लग्नाची वरात भर दुपारी निघाली. पहिल्या गाण्यात पेटी छान वाजली. दुसऱ्यात तिने सूर गिळायला सुरुवात केली. मग थुंकल्यासारखं केलं, मग खोकली, आणि चौकात, जिथे नवऱ्याचे मित्र नाचायला सरसावले होते तिथे, मुकी झाली. हिलालने तारा हलवल्या, सेल बदलला, पेटीला थापट्या मारल्या. नवऱ्याचे मामा घामाने निथळत पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुन्ही पेटीले ऊन लागनं का रे भो?"

अख्खी वरात हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ढोलाच्या पिशवीत हात घातला, खुळखुळा काढला आणि हिलालसमोर धरला. हिलालने तो भर रस्त्यात, नवरदेवाच्या घोड्यासमोर घेतला. त्यापेक्षा माणसाला मारलेलं परवडतं.

परतीच्या वाटेवर मास्तरांनी निकाल सांगितला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, रावेरकडे केळीवाल्या बागायतदाराचं लग्न आहे, वर्षातलं सगळ्यात मोठं. त्यासाठी सुरतेचा कॅसिओवाला ठरवलाय. तो चालला तर गिटार कायमची बंद. हिलालने मागे उभं राहावं. खुळखुळा वाजवणारा तसाही दुसरा कुणी मिळालेला नाही.

हिलालकडे तीन आठवडे होते. त्याने पेटीचा एकेक जोड उकलून पुन्हा झाळला. पहाटे वाजवून पाहिली, वाजली. तरी समाधान होईना, म्हणून सगळं पुन्हा उकललं. पुन्हा झाळलं, पहाटे पुन्हा वाजली. पेटी एसटीने धुळ्याला नेली, दुपारी मगनभाईंच्या दुकानात लावली, तर मुकी. मगनभाई म्हणाले, जर्मेनियमचा नाद सोड, नवे सिलिकॉनचे टाक, ते कशाला घाबरत नाहीत. टाकून पाहिले. पेटी वाजली, पण आवाज पत्र्यावर खिळा घासावा तसा. हिलालने ते तिथल्या तिथे काढले आणि जुने परत बसवले. मगनभाईंनी हात जोडले. एवढा हटवादी गिऱ्हाईक त्यांनी गुजरातेतही पाहिला नव्हता.

घरी आल्यावर तो भिंतीला टेकून बसला. मंजुळाबाई माठाभोवतीचं ओलं फडकं पिळून पुन्हा गुंडाळत होत्या. त्यांनी विचारलं, "वरातमा तो मानूस काय बोलना व्हता?"

"पेटीले ऊन लागनं म्हने."

"मंग लागनंच व्हई," मंजुळाबाई म्हणाल्या. "दूध बी सकाळले चांगलं ऱ्हास, दुपारले नासस. तुम्ही कधी दुपारले वाजाडी पाही?"

हिलालने बायकोकडे पाहिलं. पेटी वाजली होती ती तीन महिने थंडीत, आणि एरवी पहाटे; भर दुपारी दोन्ही वेळा मुकी झाली होती. मामा टोमणा मारून गेला होता आणि रोगाचं नावही सांगून गेला होता. हसण्याच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू आलं नव्हतं. त्याने गिटार जोडून पेटी चुलीशेजारी ठेवली. पाच मिनिटांत खोकायला लागली, दहाव्या मिनिटाला गप्प. मग तीच पेटी माठाच्या फडक्यात गुंडाळली. हळूहळू घसा साफ करत ती परत बोलू लागली, दुपारच्या झोपेतून चहावर उठलेल्या माणसासारखी. मंजुळाबाई म्हणाल्या, पाट गेला तो गेला, आता माठाकडे बघू नका.

रावेरकडच्या त्या गावात बँड पोचला तेव्हा ऊन असं होतं की कुत्री गाड्यांखालून बाहेर येत नव्हती. सुरतेचा कॅसिओवाला हातगाडीवर छत्रीखाली बसला होता. हिलालच्या हातात खुळखुळा होता, आणि पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीखाली ठेवली होती. तो मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला आणि एक गाणं मागितलं.

मास्तरांनी आधी क्लॅरिनेट पुसून घेतली. मग म्हणाले, "एक गानं देस. पेटी बसनी, ते पुढला साले तू बी घर बस."

हिलाल गाडीपाशी आला आणि त्याने गोणपाट चाचपलं. कोरडं ठण्ण. तापलेल्या वाऱ्याने पाऊण तासात सगळं पाणी पिऊन टाकलं होतं, आणि डबा हाताला चटका देत होता. पुन्हा भिजवलं तरी वरात तासाभराची. त्याने आधारासाठी मांडवाच्या दाराशी बांधलेल्या केळीच्या खांबाला हात टेकला, आणि हात तिथेच राहिला. बाहेर आग पेटलेली, आणि खांब माठासारखा गार.

नवरीच्या आत्या, कुंदाबाई, दारातच उभ्या होत्या. केळीच्या खांबावरून हात फिरवणारा बँडवाला त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. हिलालने विळा मागितला तेव्हा त्या पुढे सरसावल्या. "मांडवले हात लावू नको. मांगे बठ्ठी केळीच शे, तठे जाय."

मागच्या वावरात घड उतरवलेल्या केळी तोडायच्याच होत्या. हिलालने एक खोड आडवं केलं, दोन हातांचा तुकडा काढला आणि आतला गाभा कोरला. पेटी आत सरकवली, दोन्ही टोकांनी वायरी बाहेर काढल्या आणि तोंडं केळीच्याच सालीच्या सोपटाने बांधून टाकली. पाणी झिरपून आत जाऊ नये म्हणून डब्याला आधी मेणकापड लावलं. लाल कोटाला केळीचे डाग पडले, ते जन्मभर गेले नाहीत. खोड छातीशी धरून तो गाडीकडे आला तेव्हा बँड हसून लोळायचा बाकी राहिला. ढोलवाला तोताराम म्हणाला, "बाळ व्हयनं, पाळणा व्हयना. खुळखुळा ते हिलालभाऊकडे शेच."

हिलाल हसला नाही, चिडलाही नाही. खोड दोरीने गाडीला आवळलं, खुळखुळा तोतारामच्या ढोलावर ठेवला, गिटार गळ्यात अडकवली आणि स्विच दाबला.

पहिलं गाणं नीट पार पडलं. मास्तरांनी थांबण्याची खूण केली नाही, म्हणून हिलाल दुसऱ्यात शिरला. तो लांबलचक फाटका सूर केळीच्या बागांवरून असा गेला की पाणी भरणाऱ्या बाया बांधावर आल्या. तिसऱ्या गाण्याला नवऱ्याकडचे म्हातारे नाचायला उतरले. हिलालचं लक्ष नाचाकडे नव्हतं. त्याचा कान पेटीच्या घशावर होता. आता खोकेल, मग खोकेल. मारुतीच्या देवळापर्यंत तासाभराची वरात झाली, पण पेटी खोकली नाही. कॅसिओवाला शहाणा माणूस. चौथ्या गाण्यापासून त्याने सूर हिलालवर सोडला आणि स्वतः मागून साथ धरली.

देवळापाशी वाद्यं थांबली. मास्तर गाडीपाशी आले. त्यांनी खोडाच्या तोंडातून हात घातला, आतपर्यंत, वासराच्या तोंडात हात घालून बघावं तसा.

"अजून गार शे," एवढंच म्हणाले, आणि हात कोटाला पुसला.

त्यानंतर बँड ठरवायला येणाऱ्यांसाठी मास्तरांनी अटींचा कागद छापला. चहा-फराळ दोन वेळा, उतरायला सावलीची जागा, आणि तिसरी अट, केळीचं ताजं खोड, दोन हात, वधूपक्षाकडून. लोकांनी अर्थातच त्यातून देवक काढलं. चुडामण मास्तरांच्या बँडला केळीमाता प्रसन्न आहे, खोड विसरलात तर लग्नात विघ्न येतं, असं वरण-बट्टीच्या पंगतीत लोक एकमेकांना सांगत. एका गावी बायकांनी खोडाला हळदीकुंकू लावून ओटी भरली. हिलालने अडवलं नाही. ओटीतला नारळ मास्तरांनी नेला.

खुळखुळा ट्रंकेत गेला. त्याच्या जागी कुणी मिळालं नाही, आणि मिळालं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शिंदखेड्याकडे केळी थोडी. इकडचं लग्न असलं की शिरपूरहून सकाळच्या एसटीच्या टपावर खोड येई. ते उतरवून घ्यायला स्टँडवर वना आबा उभे असत, धुतलेलं धोतर नेसून, गाडीच्या तासभर आधी. खोड कशाला, असं कुणी विचारलं तर आबा आधी त्याला बसायला सांगत. मग म्हणत, "मन्हा पोऱ्याना पेटीनं शे."